ऑर्किडमधले विषाणू: ओळखायचे कसे, तपासायचे कसे, आणि मग करायचं काय?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक जांभळं कॅटलिया आहे. फुलं उमलतात तेव्हा अगदी स्वच्छ असतात. चार-पाच दिवस गेले की पाकळ्यांवर तपकिरी रेघा उठतात, त्या रुंद होत जातात आणि फूल वेळेआधीच मान टाकतं. मागच्या बहरातही हेच झालं होतं, तेव्हा म्हटलं दमट हवा. यंदा हवा चांगली कोरडी आहे, तरी तेच. पानं बरी आहेत, जुन्या दोन पानांवर फिकट पट्टे दिसतात इतकंच.

त्याच्या शेजारी एक फॅलेनॉप्सिस आहे. त्याच्या पानांकडे तर बघवत नाही. खालच्या बाजूनं खड्डे, रुपेरी चट्टे, मधेमधे काळपट. दोन्हींचे फोटो खाली जोडलेत.

व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर विचारलं तर निम्मे म्हणाले ‘व्हायरस, दोन्ही जाळा’ आणि निम्मे म्हणाले ‘कॅल्शियम द्या’. जाळायच्या आधी खात्री करायची काही सोय आहे का?

शेवंती

बुरशी वाटतेय. बुरशीनाशक फवारा, फुलांवर पाणी पडू देऊ नका.

पानगळ

शेवंतीताई, फुलावरची बुरशी वेगळी दिसते. बॉट्रायटिस असेल तर बारीक टिकल्या, पाकळीभर विखुरलेल्या, आणि तेही हवा गार-दमट असताना. इथे रेघा आहेत, फूल उमलल्यावर काही दिवसांनी येताहेत आणि प्रत्येक बहरात येताहेत. कॅटलियाच्या फुलावर असं होणं हे सिम्बिडियम मोझेक विषाणूचं पुस्तकी लक्षण. तरी मी ‘आहे’ म्हणणार नाही, ‘तपासा’ म्हणेन.

नोकरी वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत झाली, आता निवृत्त आहे, त्यामुळे हात शिवशिवतात. लांबण लागेल, कंटाळा आला तर खाली सरका.

ऑर्किडवर नोंदलेले विषाणू डझनावारी आहेत, पण जगभर बागांमधून ठाण मांडून बसलेले मुख्य दोन. एक सिम्बिडियम मोझेक आणि दुसरा ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट, ज्याला सगळे ओआरएसव्ही म्हणतात. दोघांची पहिली वर्णनं १९५१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातून आली. ही ऑर्किडांच्याच प्रकारांवरून पडलेली नावं, पण नावावर जाऊ नका. सिम्बिडियम मोझेक हा कॅटलिया, डेन्ड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, वांडा, ऑन्सिडियम कुणालाच सोडत नाही, आणि ओआरएसव्हीचंही तेच. आपल्या देशातही दोन्ही आहेत. सिक्कीममधल्या ऑर्किडांत ते सापडल्याचं संशोधकांनी छापलेलं आहे.

आता मुद्द्याचं. या दोघांना पसरवणारा कीटक आजवर सापडलेला नाही. मावा नाही, फुलकिडे नाहीत, पांढरी माशी नाही. ते रोपाच्या रसातून जातात, आणि तो रस या झाडाचा त्या झाडाला आपणच लावतो. फांदी वेगळी करताना, सुकलेला दांडा कापताना, कुंडी बदलताना. जुनी कुंडी न धुता वापरली, आधाराची काडी या झाडाची त्या झाडाला लावली, तरी पुरतं.

दिसण्याचं म्हणाल तर फसवाफसवीच आहे. सिम्बिडियमच्या नव्या पानात लांबट फिकट रेषा दिसतात, पुढे त्या काळ्या पडतात. फॅलेनॉप्सिसच्या पानाच्या खालून खोलगट काळपट डाग येऊ शकतात. ओआरएसव्ही कधी वर्तुळं काढतो, कधी फुलाचा रंग फोडतो. डेन्ड्रोबियममध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. झाड वाढतं, फुलतं, जरा कमी फुलतं, आणि आपण खताला दोष देतो. दोन्ही विषाणू एकाच झाडात असले तर मात्र हाल जास्त होतात.

म्हणून माझा साधा अनुभव असा की भयंकर दिसणाऱ्या पानांत बऱ्याचदा विषाणू नसतो, आणि विषाणू असलेलं झाड बऱ्याचदा सुरेख दिसतं.

आंबोलीचा_पाऊस

वा पानगळ, यावर स्वतंत्र लेखच लिहा.

मृण्मयी, फॅलेनॉप्सिसच्या पानाची खालची बाजू भिंगातून बघितलीस का? रुपेरी खड्डे म्हटल्यावर मला आधी कोळी आठवतात. जाळं करणारे नव्हेत, ते चपटे, लालसर, मुंगीच्या डोळ्याएवढेही नसतील. घड्याळजींचं दहापट भिंग असतं ना, तेच घे. ओल्या पांढऱ्या टिश्यूनं पान खालून पुसून बघ, लालसर डाग उमटला तर झालं.

मृण्मयी_कोथरूड

भिंग नाही, मोबाईलला लावायची लेन्स आहे. उजेड झाला की बघते.

पानगळ, खूप आभार. पण मग नजरेनं काहीच कळत नाही असं म्हणायचं का? काही तरी खुणा असतीलच की.

पानगळ

खुणा आहेत, पण त्या ‘हे विषाणू नव्हे’ एवढं सांगायला जास्त उपयोगी. उन्हाचा चटका पानाच्या सगळ्यात वर आलेल्या, सूर्याकडे तोंड असलेल्या भागावर बसतो. आधी पांढुरका, मग कागदासारखा कोरडा. पाणथळ, पसरत जाणारा, वास मारणारा डाग म्हणजे जिवाणू, त्याला थांबायला वेळ नसतो, दोन दिवसांत पान खातो. बुरशीच्या डागाला बहुधा पिवळी कडा असते. फॅलेनॉप्सिसच्या कोवळ्या पानावर फार थंड पाणी पडलं किंवा रात्री एसीचा झोत बसला तर पेशी आतल्या आत कोसळतात आणि काही दिवसांनी खड्डे दिसतात. त्या खड्ड्यांना लोक हमखास व्हायरस म्हणतात. पुण्यात डिसेंबरात टाकीचं पाणी सकाळी किती गार असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

फुलाच्या रंगाचं बघायचं तर दोन्ही बाजूंच्या पाकळ्या शेजारी धरून बघा. जातीचाच रंगीत फटकारा असेल तर डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी असते. विषाणूनं फोडलेला रंग वेडावाकडा, प्रत्येक पाकळीत निराळा, कडा दुमडलेल्या. पण पुन्हा तेच: संशय घ्यायला एवढं पुरतं, निकाल द्यायला नाही.

गडबडगुंडा

एक बाळबोध शंका. आमचे माळीमामा दिवसभर तंबाखू मळतात आणि त्याच हातानं झाडांना हात लावतात. तंबाखूतून ऑर्किडला मोझेक होतो असं ऐकलंय. मामांना काढू की ऑर्किड काढू?

पानगळ

मामांना ठेवा, साबण आणून द्या. :)

ओआरएसव्ही हा तंबाखूच्या मोझेक विषाणूच्या कुळातला. जुन्या पुस्तकांत त्याला त्याचाच ऑर्किडवरचा प्रकार समजत, त्यावरून ही गोष्ट पसरली. पुढे तो वेगळा विषाणू ठरला. मामांच्या पुडीपेक्षा मामांची कात्री तपासा. सकाळपासून किती झाडांवरून फिरते ते बघा.

कुळ सांगायचं कारण वेगळंच आहे. या कुळातले विषाणू फार चिवट. वाळक्या पानात, कुंडीला चिकटलेल्या मुळात, हत्यारावर सुकलेल्या रसात दीर्घकाळ टिकून राहतात. स्पिरिटनं कात्री पुसली की काम झालं अशी समजूत आहे, ती सोडा. स्पिरिटनं बुरशी-जिवाणू मरतील, यांचा भरवसा नाही.

न्यूजर्सीची_तुळस

इकडचा अनुभव सांगते. आमच्या इथल्या ऑर्किड सोसायटीत तपासणीच्या पट्ट्या सगळे मिळून मागवतात. करोनाच्या वेळी घरी करायचो ना, त्याच तत्त्वावरची पट्टी. अ‍ॅग्डिया नावाच्या कंपनीची आमच्याकडे चालते, एकाच पट्टीत दोन्ही विषाणूंसाठी वेगळ्या रेघा असतात.

पानाचा नाण्याएवढा तुकडा कापायचा, सोबत येणाऱ्या जाळीच्या पिशवीतल्या द्रावणात टाकायचा, बाहेरून पेनाच्या बुडानं नीट चेचायचा. हिरवं पाणी सुटलं की पट्टी खुणेपर्यंत बुडवून उभी ठेवायची. नियंत्रणाची रेघ आली पाहिजे, नाही आली तर पट्टी बाद. अर्ध्या तासात निकाल. उरलेल्या पट्ट्या डबी घट्ट लावून फ्रिजमध्ये, आणि वापरायची तारीख बघत जा.

दोन गोष्टी नव्या लोकांना सांगाव्या लागतात. चेचलेल्या पानाची पिशवी हाताळल्यावर हात धुवायचे, नाहीतर तपासणीतूनच लागण. आणि प्रत्येक पानाच्या तुकड्याला नवं पातं.

कुडाळचा_शेडनेटवाला

मी डेन्ड्रोबियमची शेती करतो, फुलं मुंबई-गोव्याला जातात. तुमची चर्चा बाल्कनीची आहे, माझ्याकडे वाफेच्या वाफे आहेत. प्रत्येक झाडाला पट्टी लावत बसलो तर फुलं कोण काढणार? नि पट्टीचा खर्च फुलाच्या दांड्यावर चढवला तर बाजारात उभं कोण करणार?

खरं सांगू, निम्म्या बागेत असेल असं धरूनच चालतो मी. झाडं फुलतात. दांडा जरा आखूड येतो, फुलं दोन कमी लागतात. आता ते मोझेकमुळे की गेल्या पावसात शेडनेट फाटली म्हणून, कोण सांगणार?

पानगळ

शेडनेटवाले, तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे. झाड-झाड तपासायचं नाही, मातृरोपं तपासायची. ज्या झाडांचे फुटवे काढून तुम्ही वाफा वाढवता ती आणि बाहेरून येणारा माल, एवढंच. तिथे एलायझा, म्हणजे विषाणूची प्रथिनं ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी, परवडते. ९६ खळग्यांच्या प्लेटवर एकावेळी बरेच नमुने बसतात, काही झाडांच्या पानांचा एकत्र नमुना करून चालतं. एकत्र नमुना स्वच्छ निघाला तर सगळी सुटली. लागण निघाली तर त्यातली एकेक वेगळी बघायची.

आणि फुलं काढताना एकच कात्री अख्ख्या वाफ्यावरून फिरत असेल तर तीच तुमची ‘मावा’. दांडा हातानं मोडून निघत असेल तर मोडा.

कुडाळचा_शेडनेटवाला

हातानं मोडायला सांगितलं की बायका म्हणतात साल निघते. बघतो करून.

रोपांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. टिश्यू कल्चरची म्हणून जास्त पैसे मोजून घेतली, नर्सरीचं नाव नको. टिश्यू कल्चर म्हणजे रोगमुक्त असं सांगून विकली. दुसऱ्या वर्षी पानावर नक्षी. मग टिश्यू कल्चरचा अर्थ काय राहिला?

रेणुका_बायोटेक

यावर मी लिहिते, हे माझं काम आहे.

गंमत अशी की ऑर्किडचं टिश्यू कल्चर सुरूच झालं ते विषाणूवरचा उपाय म्हणून. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी मोझेक झालेल्या सिम्बिडियमच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग घेऊन त्यातून विषाणूमुक्त रोपं केली. शेंड्याच्या टोकाला विषाणू पोचायला उशीर होतो हे त्यामागचं तत्त्व. त्या कामात लोकांना दिसलं की एका तुकड्यातून वाटेल तितकी रोपं होतात, आणि सगळ्या जगानं ते उचललं. मूळ हेतू मागे पडला. वेगानं रोपं पाडायची तर मोठा तुकडा घेतात, डोळा घेतात, मातृरोप तपासत नाहीत. आणि हे दोन विषाणू टोकापर्यंतही पोचलेले असू शकतात. मग होतं काय, एका आजारी झाडाची हजारो आजारी रोपं, सगळी बाटलीत हिरवीगार. बाटलीत बुरशी नसते, जिवाणू नसतात. विषाणूचं तसं नाही.

तेव्हा विचारायचं ते ‘टिश्यू कल्चर आहे का’ हे नव्हे, ‘मातृरोपाची विषाणू तपासणी झाली का, अहवाल दाखवा’ हे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. जळगावकडचे केळीवाले अहवाल मागायला शिकले, फुलवाल्यांनीही मागावा.

दुसरी वाट बियांची. हे विषाणू सहसा बियांतून जात नाहीत. हवाई विद्यापीठानं डेन्ड्रोबियमच्या अशा जाती काढल्या ज्या बियांपासून लावल्या तरी एकसारख्या निघतात, त्यामागे विषाणू टाळणं हे एक मोठं कारण होतं. अर्थात स्वच्छ रोप आणून जुन्या वाफ्यात, जुन्याच कात्रीखाली ठेवलं तर ते किती दिवस स्वच्छ राहणार.

विठूचा_गजर

एवढं डोकं लावण्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात व्हायरसचं औषध मिळतं, मिरचीवाले-पपईवाले सर्रास मारतात. नाहीतर ताक-हिंग. माझ्या मिरचीचा बोकड्या ताकानं गेला.

पानगळ

झाडात शिरलेला विषाणू मारणारी फवारणी अस्तित्वात नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे. मिरचीवर फायदा दिसतो तो बऱ्याचदा कोळी-फुलकिडे कमी झाल्याचा, किंवा नवी फूट आली की झाड बरं दिसतं त्याचा.

दुधाचं मात्र अगदीच थोतांड नाही. तंबाखू मोझेकच्या कुळावर दुधातली प्रथिनं परिणाम करतात, म्हणून रोपं हाताळताना हात आणि हत्यारं दुधाच्या भुकटीच्या दाट पाण्यात बुडवायची पद्धत तंबाखू-टोमॅटोवाल्यांत आहे. पण ते लागण पुढे जाऊ नये म्हणून. लागलेल्या झाडावर ताक ओतून मुंग्या येतील.

गोदाकाठ

हत्यारांचं एकदा नीट सांगा ना कुणीतरी. ब्लीच म्हणतात, आग म्हणतात, कुणी ट्रायसोडियम फॉस्फेट म्हणतं.

पानगळ

तिन्ही चालतात. पातं लाल होईपर्यंत ज्योतीत धरायचं, ही सगळ्यात खात्रीची. ब्लीच एकास नऊ पाण्यात असं परदेशी पुस्तकं सांगतात, पण आपल्याकडचं घरगुती ब्लीच बऱ्याचदा पातळ असतं, थोडं जास्त घ्या. रोजचं रोज ताजं करा, आधी हत्यारावरचा चिकटलेला रस घासून काढा, मग काही मिनिटं बुडवा. अ‍ॅसिडच्या किंवा अमोनियाच्या कुठल्याही क्लीनरशी मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. लोखंड गंजतं ही त्याची किंमत. ट्रायसोडियम फॉस्फेटचं दाट द्रावण गंजवत नाही, पण हाताला चावतं, मोजे घाला.

मी यातलं काहीच करत नाही. न्हाव्यासारखं करतो: दाढीचं दुधारी पातं कागदासकट मधोमध मोडायचं, एका झाडाला अर्धं, की डब्यात. पाकिटाची किंमत एका कुंडीहून कमी. जाड दांड्यालाच कात्री, आणि ती भाजून.

मातीच्या कुंड्या परत वापरायच्या तर घासून ब्लीचमध्ये रात्रभर. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं फेकून द्या, त्यात जुन्या मुळांचे तुकडे अडकलेले असतात.

सह्याद्रीचा_पाईक

मी जरा विरोधी सूर लावतो. जगात कितीतरी ऑर्किडांत हे असतं, झाडं मरत नाहीत, फुलतात. मग एवढा बाऊ कशाला? माझ्याकडे बारा-पंधरा वर्षांची झाडं आहेत, एकदाही तपासली नाहीत. छंद आहे की दवाखाना?

गोदाकाठ

मला पाईकांचं पटतं. सासूबाईंनी लावलेलं कॅटलिया आहे, पट्टीवर लागण निघाली म्हणून मी ते टाकणार नाही. मग तपासून तरी काय करू?

न्यूजर्सीची_तुळस

टाकू नका, पण मला त्यातली फांदी देऊ नका. :) तपासायचं ते याचसाठी.

आपल्या ग्रुपवर काय चालतं बघा. कीकी (दांड्यावर फुटलेली पिल्लं) द्या, बॅकबल्ब (जुन्या फुगीर गाठी) घ्या, कुरिअर फुकट. एका झाडाचे तुकडे ठाण्याहून नागपूरला, तिथून बेळगावला. आपल्या घरात काय ठेवायचं तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण दुसऱ्याच्या घरी पाठवताना निदान माहीत हवं.

सह्याद्रीचा_पाईक

हे मान्य. देवाणघेवाणीचं मान्य.

पण मग रानातल्यांचं काय? माझ्या अंगणातल्या आंब्यावर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड आहे, वडिलांच्या काळापासूनची. तिच्या खालीच माझी संकरित डेन्ड्रोबियम टांगलीत. पावसाचं पाणी झाडावरून कुंड्यांत गळतं. वेणीला धोका आहे का?

पानगळ

वेणी वर आणि डेन्ड्रोबियम खाली आहेत, त्यामुळे पाण्याची दिशा तरी तुमच्या बाजूनं आहे. उलट असतं तर मी टांगणी हलवायला सांगितली असती. नुसत्या थेंबानं सहज लागत नाही, जखम लागते. पण गळक्या पाण्यात तुटलेली मुळं असतील तर वाट मिळू शकते. खरा धोका वेणीची वाळकी मुळं ‘साफ’ करायला तुम्ही तीच कात्री घेऊन चढाल तेव्हा. तिला हात लावू नका, ती तुमच्यापेक्षा चांगली सांभाळते स्वतःला.

मृण्मयी_कोथरूड

मंडळी, निकाल आले! तुळसताईंनी सांगितल्या तशा पट्ट्या आमच्या ग्रुपमधल्या एकीकडे होत्या, तिनं दिल्या.

आधी फॅलेनॉप्सिस. पट्टी स्वच्छ, फक्त नियंत्रणाची रेघ. आणि आंबोलीचा_पाऊस, तुम्हाला पेढे. टिश्यूवर लालसर डाग उमटला, लेन्समधून चालतानाही दिसले. कोळीनाशक आणलंय.

कॅटलिया: सिम्बिडियम मोझेकची रेघ ठळक, ओआरएसव्हीची नाही.

एक पट्टी उरली म्हणून सहज शेजारच्या पांढऱ्या डेन्ड्रोबियमचं पान चेचलं. माझ्याकडचं सगळ्यात देखणं झाड आहे ते, पानावर डाग औषधाला नाही. त्यावर सिम्बिडियम मोझेकच्या जागी अगदी पुसट रेघ आली. उजेडाकडे धरली तर दिसते, नाहीतर नाही. ही धरायची का?

न्यूजर्सीची_तुळस

ठरलेल्या वेळेत आली असेल तर पुसट रेघही रेघच. तासाभरानं पट्टी वाळताना उमटली असेल तर धरू नका.

मृण्मयी_कोथरूड

वेळेत आली.

पानगळ

मग धरा. मनात शंका असेल तर दुसऱ्या फुटव्याचं पान घेऊन पुन्हा करा. विषाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो, एका पानात भरपूर आणि दुसऱ्यात नाममात्र असं होतं. म्हणून मोठ्या झाडाचे दोन-तीन जागचे तुकडे एकत्र चेचावेत. नुकतीच लागण झालेली असेल तर काही आठवडे पट्टीला काहीच दिसत नाही.

याची दुसरी बाजू अशी की फॅलेनॉप्सिसची स्वच्छ पट्टी म्हणजे ‘हे दोन विषाणू या तुकड्यात सापडले नाहीत’, इतकंच. त्या चपट्या कोळ्यांच्या काही जाती ऑर्किड फ्लेक नावाचा तिसराच विषाणू नेतात, तो या पट्टीवर येत नाही. कोळी गेल्यावर नवं पान स्वच्छ आलं तर विसरून जा. नव्या पानावरही पिवळे ठिपके आले तर मग आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचं आरएनए शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी.

रेणुका_बायोटेक

आरटी-पीसीआरला पान पाठवणार असाल तर ताजं पान, कोरड्या टिश्यूत गुंडाळून, बंद पिशवीत, आठवड्याच्या सुरुवातीला कुरिअर करा म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहणार नाही. ओलं गुंडाळलं की पान कुजतं आणि आरएनए त्यासोबत जातं. ही चाचणी पट्टीपेक्षा कितीतरी कमी विषाणूही पकडते. त्यामुळेच दोन झाडांना एक पातं लावून पानं कापली असतील तर स्वच्छ झाडही दोषी ठरू शकतं.

आंबोलीचा_पाऊस

पट्ट्या-पीसीआर नव्हते तेव्हा काय करायचे हो पानगळ?

पानगळ

सूचक वनस्पती. संशयित पानाचा रस काढायचा, दुसऱ्या जातीच्या रोपाच्या पानावर बारीक कुरुंदाची पूड भुरभुरून हलक्या बोटानं चोळायचा आणि वाट बघायची. रस लागलेल्या जागी ठिपके उठले की विषाणू आहे. सिम्बिडियम मोझेकसाठी त्यातली एक नावाजलेली वनस्पती म्हणजे कासविंदा. हो, तोच, पावसाळ्यात गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उगवणारा, पिवळ्या फुलांचा. आम्ही तो कुंड्यांमध्ये मुद्दाम लावायचो आणि शिपाई तण म्हणून उपटून टाकायचे. स्वस्त आणि खात्रीची पद्धत, पण जागा लागते, कीडमुक्त रोपं लागतात, आणि धीर लागतो.

कुडाळचा_शेडनेटवाला

कासविंदो आमच्या बांधावर ढिगान आसा! त्यावर करून बघू?

पानगळ

करा, पण रस न लावलेलं एक रोप, आणि नुसतं पाणी-पूड चोळलेलं एक रोप शेजारी ठेवा. नाहीतर खरचटल्याचे डाग मोजत बसाल. मातृरोपांसाठी तरी एलायझाच.

मृण्मयी_कोथरूड

डेन्ड्रोबियम टाकलं. कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. त्याच्या कीकी ज्या दोघींना दिल्या होत्या त्यांना फोन करून सांगितलं.

कॅटलियाचं मन होत नाही. गोदाकाठ, मीही तुमच्याच पंगतीत. वेगळ्या खिडकीत ठेवलंय, स्वतंत्र ताटली, सगळ्यात शेवटी पाणी, त्याचं पातं त्याचंच. फांदी कुणाला देणार नाही. एकच विचारायचं राहिलं: रेणुकानं बियांचं लिहिलंय. यंदा फूल आलं की त्याच झाडावर परागण करून शेंग धरू का? पिल्लं स्वच्छ निघतील?

रेणुका_बायोटेक

बहुधा निघतील, पण ती या झाडाची नक्कल नसतील, भावंडं जशी वेगळी निघतात तशी निघतील. रंग हाच येईल याची हमी नाही.

परागपिंड त्याच झाडाच्या फुलावर लावा, आणि काडी वापरली की फेका, तीच दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावू नका. शेंग पिकायला नऊ महिने ते वर्ष जातं. प्रयोगशाळावाले घाईनं हिरवी शेंग मागतात, कारण आतलं बी आयतं निर्जंतुक असतं आणि ब्लीचशिवाय पेरता येतं. तुम्ही देऊ नका. हिरव्या शेंगेत आईचा ओला पेशीभाग बियांबरोबर बाटलीत जातो. शेंग आपली आपण तडकू द्या, बी कोरडं करा, ते ब्लीचमध्ये धुऊनच पेरतात. रोपं बाटलीतून निघाली की दोन-चार रोपांची पट्टी करा आणि मगच त्यांना बाकीच्या झाडांत न्या. शेंग पिवळी पडायला लागली की मला निरोप करा, फ्लास्क करणाऱ्यांशी, म्हणजे बाटलीत बी पेरून देणाऱ्यांशी, मी बोलून ठेवते.